काच काढल्यावर पट्ट्या परत उघडतात का?

मालवण, श्रावणातला दुसरा आठवडा. चार्ज दिलेल्या ताटलीशेजारी काच सरकवली की काय होतं ते बघायचं, पंधरा दिवस अडलेलं हे काम काल मार्गी लागलं.

विद्युतदर्शी (चार्ज मिळाला की ज्याच्या पट्ट्या फाकतात ते साधन) असा: लोणच्याची काचेची बरणी, मेणबत्तीच्या मेणात बसवलेली तांब्याची तार, तिच्या खालच्या टोकाला मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाच्या दोन पट्ट्या. तारेच्या वरच्या टोकावर स्टीलची ताटली आणि तिच्यापासून 5 मिलिमीटर वर, अर्थिंगला जोडलेली दुसरी. पीव्हीसी पाईप लोकरीवर घासून खालच्या ताटलीला चार्ज द्यायचा आणि फटीत 4 मिलिमीटर जाडीची काच सरकवायची.

पहिल्या दिवशी काच आत गेली, पट्ट्या मिटल्या, मी खूश झालो. काच बाहेर काढली तरी त्या मिटलेल्याच! म्हणजे चार्जच गळून गेला होता. नुसती काच मध्ये आल्याने ताटलीवरचा चार्ज कमी होत नाही. काचेतले धन-ऋण भार (म्हणजे चार्जच) जागच्या जागी किंचित सरकतात, तिच्या दोन्ही पृष्ठभागांवर उलटे भार येतात आणि काचेच्या आतलं विद्युतक्षेत्र क्षीण होतं. तेवढ्याच चार्जवर व्होल्टेज उतरतं, म्हणून पट्ट्या मिटतात. काच काढली की त्या पूर्ववत उघडायलाच हव्यात. त्यामुळे आता मी मिटण्यापेक्षा उघडण्याकडे जास्त लक्ष देतो.

काच खिडकीत ठेवलेली असायची. उजेडात धरली तर कडेला पांढुरकी झाक दिसली. कोपरा जिभेला लावला, खारट! खाऱ्या वाऱ्याचा हा थर दमट हवेत पाणी धरतो आणि त्यावरून चार्ज हातात वाहून जातो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने काच धुतली, हेअर ड्रायरने वाळवली, कपड्यांच्या प्लॅस्टिक चिमट्यांनी धरली. फडक्याने पुसू नका, घासल्याने काचच चार्ज होते. मी आधी ती चार्ज नसलेल्या विद्युतदर्शीजवळ नेऊन बघतो. पट्ट्या हलल्या नाहीत तरच वापरतो.

कालची मापं, बरणीमागे चिकटवलेल्या कोनमापकावर: काचेआधी 45 अंश, काच आत 26, काढल्यावर 44. तेवढ्याच जाडीची मेणाची वडी: 45, 35, 44. मेणाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ आतलं विद्युतक्षेत्र किती पट क्षीण करतो तो आकडा) 2.2च्या आसपास, साध्या काचेचा 5 ते 10, तेव्हा क्रम बरोबर आला. पण कोन व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात नसतो, शिवाय फटीत 1 मिलिमीटर हवा उरतेच. या आकड्यांवरून स्थिरांक काढायला मी धजणार नाही.

पुढची पाळी जुन्या इस्त्रीतून काढलेल्या अभ्रकाची. धुऊन वाळत ठेवलाय, खिडकीपासून लांब.