एका सहीसाठी सात महिने: माझा अनुभव

आमच्या माजी सैनिक संघटनेच्या खात्यात १ लाख ८४ हजार रुपये होते आणि सात महिने त्यातला एक रुपया आम्हाला काढता आला नाही. खातं अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या संयुक्त सहीचं. जून २०२५ मध्ये आमचे अध्यक्ष सुभेदारसाहेब अचानक गेले. त्यांच्या तेराव्याला मांडवातच बाबा मला म्हणाले, "आता कागद तू बघ. आम्हाला बंदुकीचं कळतं, हे नाही कळत."

बाबा तोफखान्यात हवालदार होते. संघटनेच्या घटनेत वीरपत्नी आणि सैनिकांच्या घरच्यांनाही सभासद होता येतं, म्हणून मला नवी खजिनदार केलं.

ते पैसे कुठून आले हे सांगते, म्हणजे माझी तगमग कळेल. पेन्शन जमा झाली की प्रत्येक सभासद दोनशे रुपये देतो. जुळे सोलापुरातल्या एक काकू वीरपत्नी आहेत, त्या दर महिन्याला पाचशे देतात आणि पावतीवर नाव घालू देत नाहीत. यातून शाळेच्या मुलांना वह्या, आजारी सभासदाला मदत आणि १२ जानेवारीचं रक्तदान शिबिर होतं. सोलापूरकरांना ही तारीख वेगळी सांगायला नको. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. सुभेदारसाहेबांचं म्हणणं असे, त्या दिवशी नुसता हार घालायचा नाही, रक्त द्यायचं.

संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला पदाधिकारी बदलल्याचं कळवायचं, तो बदल अर्ज मला सगळ्यात अवघड वाटला होता, तो सरळ झाला. विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली परिशिष्ट ३ हा अर्जाचा नमुना भरायचा. सोबत सभेची नोटीस, हजेरी, ठराव, मृत्यूचा दाखला, नव्या लोकांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र. सुभेदारसाहेबांनी इतिवृत्ताचं पुस्तक सैन्यातल्या नोंदवहीसारखं ठेवलेलं, एकही पान कोरं सोडलेलं नाही. त्यामुळे वकिलांना काही शोधावंच लागलं नाही. आधी तात्पुरती मंजुरी, मग हरकतींसाठी ३० दिवस, आणि नोव्हेंबरात परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदवहीचा, नवा उतारा हातात आला.

खरी रखडपट्टी बँकेत झाली.

पहिल्यांदा जुलैत गेले. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, मृत्यूचा दाखला आणि ठराव आणा. आठ दिवसांनी दोन्ही घेऊन गेले. ठराव लेटरहेडवर हवा आणि त्यावर अध्यक्षांची सही हवी, असं कळलं. नव्या अध्यक्षांची सही केली, तर ती आमच्या रेकॉर्डला नाही म्हणाले. जुने अध्यक्ष वारले म्हणून तर मी आले होते! ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा गेले तेव्हा पहिल्यांदा 'धर्मादायचा उतारा' हा शब्द निघाला. तो जुलैतच सांगितला असता तर माझ्या दोन अर्ध्या दिवसांच्या रजा वाचल्या असत्या. तात्पुरत्या मंजुरीची प्रत दाखवली, तर "फायनल आणा."

मग सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरच्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. संघटनेचे दहा-बारा जण दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन निघाले, साठीतली माणसं, गुडघे दुखणारी. आणि मदतीसाठीच साठवलेले पैसे बँकेत अडकलेले. मी शाखेत जाऊन हात जोडले. निदान वीस हजार तरी काढू द्या म्हटलं. "सिस्टीम अलाऊ करत नाही, मॅडम." मी बाहेर येऊन गाडीला टेकून रडले. राग होता तो.

त्या रात्री बायकांनी आपापल्या घरून काम उचललं. चूल नाही, गॅस नाही, अशा ठिकाणी काय टिकतं? कडक भाकरी. माझ्या आईने, दोन सुनांनी आणि जुळे सोलापूरच्या काकूंनी ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापल्या, तव्यावरून काढून पुन्हा मंद आचेवर पापडासारख्या वाळवल्या. वर्तमानपत्रात वीस-वीसचे गठ्ठे आणि प्रत्येक गठ्ठ्यात शेंगाचटणीची पुडी. काकूंच्या बोटांना चटके बसून फोड आले होते, तरी मोजणी त्यांनीच केली: ६४० भाकऱ्या. खर्च ज्याने त्याने खिशातून केला. ते चांगलंच झालं. पण ते पैसे मिळाले असते तर त्याच आठवड्यात भिजलेल्या शाळांना वह्या पोचल्या असत्या, हे मी विसरणार नाही.

नोव्हेंबरात उतारा घेऊन गेले. वाटलं, सुटलो. आता नवे अध्यक्ष अडले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळतं ते) आणि पॅनवर आडनाव आधी आणि पुढे दोन आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव. फौजेतल्या जुन्या लोकांच्या कागदांत हे घरोघरी सापडेल, कारण भरतीच्या वेळी कारकुनाने लिहिलं तेच कायम झालं. तुमच्या संघटनेत जो कोणी पदाधिकारी होणार असेल त्याचं या तिन्ही कागदांवरचं नाव ठरावाआधी जुळवून घ्या. आम्हाला पॅन दुरुस्त करून येईपर्यंत थांबावं लागलं.

त्यात शाखेतली अधिकारी व्यक्ती बदलली आणि आधी दिलेले कागद सापडेनात.

इथे मी शहाणी झाले. तोंडी बोलणं बंद केलं. एक पानी पत्र लिहिलं: कोणत्या तारखेला काय मागितलं, काय दिलं, आणि आता नेमकं काय बाकी आहे ते लेखी कळवा. त्याच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. शेवटच्या ओळीत लिहिलं की ३० दिवसांत उत्तर न आल्यास बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करू. ही मुदत खरीच आहे, धमकी म्हणून लिहिलेली नाही. अकराव्या दिवशी फोन आला. जे पत्र डिसेंबरात लिहिलं ते जुलैत लिहायला हवं होतं.

मधेच आठवलं म्हणून लिहिते. देणगीवर आयकरात सवलत देणारी मान्यता (आपण ८०जी म्हणतो ती) असलेल्या संस्थेने देणगीदाराला आधीच सांगावं की दोन हजारांवरची रोख देणगी करसवलतीत धरत नाहीत, चेक किंवा ऑनलाइन द्या. आमचे काही सभासद दिवाळीला रोख पाच हजार आणून देत आणि मग मार्चमध्ये नाराज होत. आणि ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी वेगळा, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. १९४९ पासून चालत आलेली ती गोष्ट आहे. तो पैसा संघटनेच्या खात्यात मिसळू नका.

सगळ्यात महत्त्वाचं खाली राहिलं. सहीचे अधिकार तिघांना द्या, 'तिघांपैकी कोणीही दोन'. तसा ठराव आत्ताच करा, सगळे धडधाकट असताना. आम्ही तिसरी सही काकूंची ठेवली आहे. त्या नको म्हणत होत्या, बाबांनी हट्ट केला.

८ जानेवारीला खातं चालू झालं. नमुना सहीच्या कार्डावर मी सही केली तेव्हा हात थोडा थरथरला, कारण जुन्या कार्डावर सुभेदारसाहेबांची ती ठसठशीत, खाली रेघ मारलेली सही दिसत होती. पहिला चेक नवी पेठेतल्या वह्यांच्या दुकानदाराला दिला. १२ तारखेला शिबिर झालं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी मोहोळ तालुक्यातल्या एका शाळेत वह्या पोचल्या. वर्गाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून तशीच होती, माझ्या खांद्याला लागेल इतकी उंच.