तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा एंजल का?

"एकदा हात पोळले, मग पुन्हा एंजल मासा का आणलात?" विचारणारे सगळे खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारेच असतात, त्यामुळे एंजल कोरलना, म्हणजे प्रवाळांना, तोंडाने टोचतो हे मी त्यांना सांगण्यात अर्थ नाही. त्यांनाही उत्तर नकोच असतं. या माणसाला अक्कल कधी येणार, एवढंच त्या प्रश्नात असतं. आजवर मी दर वेळी काहीतरी वेगळंच सांगून वेळ मारून नेली. आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

टाकी ४ फुटी, पाणी ४०० लिटरच्या आतबाहेर, खारेपणा दर हजारी ३५. तापमान २६ च्या वर जाऊ देत नाही. डोंबिवलीच्या मे महिन्यात त्यासाठी चिलर किती वीज खातो, हा विषय घरात काढायचा नाही असा आमचा करार आहे. दगडी प्रवाळ माझ्याकडे नाहीत. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. "एवढासा तुकडा, कोणाला कळतंय" म्हणणाऱ्यांनी मला पुन्हा फोन करू नये. टाकीतले दगडसुद्धा कृत्रिम आहेत. त्यांच्यावर झोआ, मशरूम आणि एक म्हातारा लेदर, सगळे दगडी सांगाडा नसलेले कोरल.

पहिला एंजल 'कोरल ब्यूटी' जातीचा होता. जांभळा-निळा, कुशीला गंजासारखा केशरी, चार बोटांएवढा. चौदा महिने त्याने झोआंकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि त्या चौदा महिन्यांत मी फार शहाणा झालो. "तीनदा खायला घाला, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) लावून ठेवा, पोट भरलेला एंजल टोचत नाही," हे मी किती जणांना ऐकवलं असेल! एका मुलाने माझ्या भरवशावर फ्लेम एंजल घेतला आणि महिन्याभरात त्याचे झोआ साफ झाले. त्यालाच मी म्हणालो, तुझं खायला घालणं कमी पडलं असेल. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

पंधराव्या महिन्यात माझ्याकडचा हिरव्या झोआंचा गुच्छ उघडेना. एक रविवार सकाळपासून टाकीसमोर बसून काढला. टोचताना मी त्याला पाहिलं, सहा-सात वेळा तरी. बायको चहा ठेवून म्हणाली, "तू मत्स्यालय ठेवलंयस की न्यायालय?" मी हसलो नाही. माझा निकाल झाला होता.

आधी सापळा लावला. पारदर्शक डबा, आत नोरी. तीन दिवसांत क्लाऊन मासा दोनदा आत जाऊन जेवून आला. एंजल मात्र डब्याच्या तोंडाशी यायचा, एका डोळ्याने आतलं सगळं न्याहाळायचा आणि मागे फिरायचा. शनिवारी रात्री दगड काढायला घेतले. हातमोजे घालून, कारण झोआंचं विष अंगावर घेऊन मी नातेवाइकांना गोष्ट पुरवणार नव्हतो. पाच बादल्या, आंघोळीचा टब, स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं (त्याचं प्रकरण वेगळंच झालं). दीड वाजता टाकी उजाड झाली, पाणी गढूळ, आणि तो कोपऱ्यात काचेला चिकटून. जाळी टाकली, आला.

एंजलच्या गालाच्या मागे काटा असतो. जाळीत अडकतो, म्हणून एंजल जाळीने धरू नये, डब्यात घ्यावा. हे मीच इतरांना शिकवत आलो होतो. काटा अडकला. तो तडफडला तसा मी घाबरलो आणि ओढलं. एकदा, आणि सुटेना म्हणून परत एकदा. मग बायकोने नखं कापायची कात्री आणली, जाळी पाण्याखाली धरली आणि एकेक धागा कापला. माझे हात थरथरत होते, तिचे नव्हते. सुटला तेव्हा गालाजवळ तांदळाएवढं पांढरं झालेलं होतं.

सकाळी दुकानात नेऊन दिला. नवव्या दिवशी तिथून फोन आला. दुकानदाराचं काही चुकलं नसावं.

झोआ तरीही उघडले नाहीत. आणखी दोन आठवड्यांनी, रात्री अकराला, बॅटरी घेऊन पाहिलं तेव्हा देठांमध्ये काहीतरी सरकलं. समुद्री गोगलगाय, नखाच्या टोकाएवढी. झोआ खाते आणि त्यांचेच रंग अंगावर घेते, त्यामुळे दिवसा समोर असली तरी दिसत नाही. चिमट्याने अकरा काढल्या. दगडाखाली अंड्यांची पांढरी वेटोळीही होती.

मग तो काय टोचत होता? आजारी झोआंवर धरलेलं शेवाळ? त्या गोगलगायींची पिल्लं? की झोआच? बायको म्हणते, तो बिचारा निर्दोष होता. मला तेवढी सूट घेता येत नाही, देताही येत नाही. टोचताना पाहिलंय, हे खरं. त्याआधी एकदाही रात्री बॅटरी घेऊन पाहिलं नव्हतं, हेही खरं.

तर, पुन्हा का. सात महिन्यांनी मी दुसरा कोरल ब्यूटी आणला.

"एंजलच हवा तर जेनिकॅन्थस घ्या, तो कोरलला तोंड लावत नाही," असा सल्ला मिळतो. बरोबर आहे. तो वरच्या पाण्यात वाहून येणारं खातो, सुंदर पोहतो. पण मला पोहणारा मासा नको. मला तो हवा जो दिवसभर दगडन् दगड तपासतो, अंग आडवं करून प्रत्येक भोकात डोकावतो, एखाद्या ठिपक्यापाशी थबकून आधी एक डोळा लावतो, मग दुसरा, आणि मग टोचतो. ते टोचणं वजा केलं तर त्याच्यात माझ्यासाठी फार काही उरत नाही. रंग उरतो म्हणा. रंगाचा मोह नव्हता असं म्हटलं तर बायको हे वाचून हसेल.

शिवाय दुकानात येणारा बहुतेक एंजल समुद्रातून धरलेलाच असतो. अंडी तरंगती, पिल्लं इतकी बारीक की त्यांना भरवायलाच डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव लागतात; टाकीत पैदास जमते, पण थोड्यांनाच. म्हणजे माझ्या त्या रात्रीच्या आधीही कुणीतरी त्याला जाळीत धरलंच होतं. हे पहिल्याच्या वेळीही मला माहीत होतं. तेव्हा मी म्हणायचो, आपण नाही घेतला तर दुसरा कोणी घेईल. आता तसं म्हणत नाही. घेतला मात्र.

मोठा डबा आता कायम टाकीत असतो, नोरी त्यातच लावतो, आणि हा आत जाऊन खातो. जाळी घरात नाही.

परवापासून लेदरच्या कडेची बोटं मिटलेली आहेत. लेदर अधूनमधून कात टाकतो तेव्हाही असाच मिटतो. नवा एंजल मात्र लेदरभोवती आडवा होऊन फिरतोय, एक डोळा लावून. बॅटरीत नवे सेल घातलेत. अकरा वाजायला अजून वेळ आहे.