तुम्ही विचारलंत म्हणून: अर्नी काय करतो?

इंग्लंडमधल्या लीड्सला राहून मला बावीस वर्षं झाली. घरी कोणी आलं की मी मॉर्कम आणि वाइज या ब्रिटिश विनोदी जोडीच्या टीव्ही कार्यक्रमाचा एखादा जुना भाग लावते आणि तो संपला की हमखास प्रश्न येतो, "तो चष्मेवाला एरिक भारीच आहे, पण दुसरा नुसता उभा असतो. तो कशाला हवा?"

तो दुसरा म्हणजे अर्नी वाइज, आमच्या लीड्सकडचा. वडील रेल्वेत कामाला. त्यांच्याबरोबर तो लहानपणीच कामगारांच्या क्लबांमधून गायचा, नाचायचा. जॅक हिल्टनच्या बालकलाकारांच्या संचात एरिक आला, तेव्हा अर्नीचं नाव आधीच झालेलं होतं. दोघांनी जोडी करावी हे एरिकच्या आईला, सेडीला, सुचलं. १९४१ साली लिव्हरपूलच्या एम्पायर थिएटरात ते पहिल्यांदा जोडीनं रंगमंचावर आले. एरिक बार्थोलोम्यूनं पुढे आपल्या गावाचंच नाव घेतलं, मॉर्कम.

१९५४ची त्यांची पहिली टीव्ही मालिका सपशेल पडली. एका समीक्षकानं लिहिलं की टीव्ही म्हणजे मॉर्कम आणि वाइजला पुरलं ती पेटी. ते कात्रण एरिकनं कितीतरी वर्षं जवळ बाळगलं. साठच्या दशकात मात्र जम बसला. मग नोव्हेंबर १९६८मध्ये, बॅटलीच्या क्लबातला कार्यक्रम आटोपून परतताना, इथे लीड्समध्येच एरिकला हृदयविकाराचा झटका आला. त्यांचे दोन्ही लेखक सोडून गेले.

त्यांच्या जागी एडी ब्रेबन आला, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी आहे. तोवर अर्नी शहाणा आणि एरिक बावळट, अशी सरळ वाटणी होती. ब्रेबनला पहिल्या भेटीत दिसली ती दोघांची एकमेकांवरची माया. त्यानं अर्नीला मोठेपणाची हौस असलेला नाटककार केलं. त्याची नाटकं भयंकर, व्याकरण त्याहून भयंकर, पण स्वतःवरचा विश्वास अढळ. एरिक त्याच्या आखूड पायांवर बोलणार, केसांवरून "टोपाचा जोड कळतसुद्धा नाही" म्हणणार (केस खरे होते), पण बाहेरच्या कुणी अर्नीला बोट लावलेलं त्याला खपणार नाही. दोघांना एका पलंगावर झोपवायची कल्पनाही ब्रेबनचीच. एरिक आधी बिचकला, मग लॉरेल आणि हार्डी ही जुन्या सिनेमांतली विनोदी जोडी तशीच झोपायची हे ऐकून तयार झाला.

१९७१च्या नाताळातला, वाद्यवृंदाचा संचालक आंद्रे प्रेव्हिनबरोबरचा प्रवेश बघाच. एरिक ग्रीग या संगीतकाराचा पियानो कंचेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) वाजवतो, प्रेव्हिन चुका काढतो, एरिक त्याची कॉलर धरून सांगतो की सूर सगळे बरोबरच आहेत, फक्त क्रमानं असतीलच असं नाही. ते वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण प्रेव्हिनला नामवंत व्हायोलिनवादक मेन्युहिनचं नाव सांगून बोलावलंय कुणी? अर्नीनं. तो निघून जायला लागल्यावर त्याची मनधरणी करतो कोण? अर्नी. मित्र मोठा वादक आहे यावर अर्नीचा मनापासून विश्वास आहे, म्हणून एरिकला एवढ्या ऐटीत पियानोवर बसता येतं. अर्नी तिथे जरासुद्धा हसला असता तर सगळा प्रवेश कोसळला असता. तीस वर्षं ऐकलेल्या माणसाचं बोलणं पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा ठेवणं मला तरी एरिकच्या कामाहून अवघड वाटतं.

१९७७चा नाताळचा कार्यक्रम २ कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. १९८४च्या मे महिन्यात ट्यूक्सबरीच्या थिएटरात कार्यक्रम संपवून एरिक विंगेत आला आणि कोसळला, त्यातच तो गेला. त्या रात्री अर्नी बरोबर नव्हता. अर्नी १९९९पर्यंत जगला.

मॉर्कमच्या किनाऱ्यावर एरिकचा एक पाय उचललेला पुतळा आहे, तिथे फोटोसाठी रांग असते. अर्नीचा पुतळा आमच्या जवळ, मॉर्लीत आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा तिकडे नेईन. त्याआधी तोच प्रेव्हिनचा प्रवेश पुन्हा लावू, आणि या वेळी तुम्ही फक्त अर्नीकडे बघा.