शिरोरेषा म्हणजे २५५

मी १९८८ च्या दहावीच्या तुकडीतला. प्रार्थना, छड्या आणि मधल्या सुट्टीतली बोरं यांवर बाकीचे लिहितीलच. मला आठवते ती जिन्याखालची खोली.

केंद्र सरकारने १९८४ साली शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. त्यातून आपल्या शाळेला दोन बीबीसी मायक्रो मिळाले. एकॉर्न या ब्रिटिश कंपनीचं हे यंत्र तिकडे लोक घरच्या टीव्हीला जोडून वापरत. इकडे मात्र त्यासाठी खेळाच्या सामानाची खोली रिकामी झाली, खिडकीला पडदे लागले आणि दाराशी कोण चपला काढत नाही यावर शिपाईमामांची जातीने नजर असे.

मेमरी ३२ केबी. आम्हाला आकडा मोठाच वाटला, तुलनेला दुसरं होतं काय? पण पडद्यावरचं चित्रही त्याच ३२ मधून जागा घ्यायचं. रंगीत ‘मोड २’ लावला की २० केबी गेले, साडेतीन यंत्र स्वतःकडे ठेवायचं, उरलेल्या साडेआठात आपला प्रोग्रॅम. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी केलेली प्रश्नमंजूषा त्यात काही बसेना. ‘बॅड मोड’ एवढंच उत्तर यायचं. सरांनी टिपणांच्या ओळी काढायला लावल्या, मग मोकळ्या जागा, मग चलांची नावं एकाक्षरी केली. प्रोग्रॅम इतका आटला की आमचा आम्हालाच वाचता येईना. तरी मावला नाही. रंगांवर पाणी सोडलं.

प्रोग्रॅम साठवायचा टेपरेकॉर्डरवर. तो परत वाचून घेताना मध्येच ‘डेटा?’ असा चुकीचा इशारा आला की कॅसेट थोडी मागे घ्यायची आणि श्वास रोखून बसायचं. आवाज नेमका कुठे ठेवायचा, तिथे एका मुलीने नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. शाळेत नेलपॉलिशला सक्त बंदी, पण त्या ठिपक्याला मुख्याध्यापकांनीही हरकत घेतली नाही.

खरी झटापट झाली ती शाळेचं नाव मराठीत आणताना. यंत्राला देवनागरी ठाऊकच नव्हती. स्वतःची अक्षरं घडवता यायची, पण आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत आणि एकूण ३२ च. क्रमांक २२४ ते २५५. प्रत्येक ओळीतल्या ठिपक्यांच्या किमती १२८, ६४, ३२ अशा एकापर्यंत. पेटवायचे असतील त्यांची बेरीज द्यायची. सगळे पेटवले की २५५, म्हणजे शिरोरेषा. आलेखाच्या वहीत आम्ही चौघं दोन आठवडे काना, वेलांटी आणि ‘क’ची शेपटी बेरजेत मांडत होतो. एका चौकटीत अक्षर फार बारीक दिसे, म्हणून एकाखाली एक अशा दोन चौकटी घेतल्या.

पहिल्यांदा चालवलं ते ‘मोड ६’ मध्ये, कारण तो ८ केबीच खातो. सगळी अक्षरं कंबरेतून दुभंगली! वेलांटी तर शिरोरेषेला सोडून वर तरंगत होती. आम्ही रात्री घरी बसून सगळ्या बेरजा पुन्हा तपासल्या. चूक आमची नव्हती. त्या मोडमध्ये दोन ओळींच्या मध्ये काळी फट असतेच. फट नसलेला ‘मोड ४’ घेतला, आणखी दोन केबी गेले, आणि ‘माध्यमिक विद्यालय’ अखंड उमटलं.

मराठीच्या बाईंना कौतुकाने बोलावलं. चष्मा सरळ करत त्या म्हणाल्या, “अरे, ‘द’चा पाय का मोडलाय? ‘द्य’ जोडून लिहा.” पाय मोडून आम्ही दोन चौकटी वाचवल्या होत्या. त्याही गेल्या, बाईंचा ‘द्य’ २५४ आणि २५५ वर बसला.

प्रमुख पाहुण्यांचं नावही पडद्यावर झळकवायचं ठरलं होतं. एकही चौकट शिल्लक नव्हती. संगणकाशेजारी फळा टेकवून ठेवला आणि ते खडूने लिहिलं.