मेंढी कुठली, कातडं कुठलं, शिलाई कुठली

मेंढीच्या कातड्याचे बूट ज्या खोक्यात येतात त्यावर देशाचं एकच नाव असतं, आणि ते शिलाईच्या देशाचं असतं. ऑस्ट्रेलियातली मेंढी, चीनमध्ये कमावलेलं कातडं आणि व्हिएतनाममध्ये घातलेले टाके, ही या धंद्यातली अगदी नेहमीची वाट. त्यामुळे ‘हे बूट कुठले?’ या प्रश्नाला तीन उत्तरं असतात, आणि दुकानदाराला त्यातलं एकच ठाऊक असतं.

कोकणात हे बूट घालायची थंडी पडत नाही. दापोलीत पहाटे शेकोटी पेटते, तेवढंच. तरी ते घरात येतात. मुलगी शिकायला कॅनडाला निघालेली असते, बोटीवर असलेल्या नवऱ्याने रॉटरडॅमहून आणलेले असतात, नाहीतर जानेवारीत काश्मीरची सहल ठरलेली असते. काश्मीरवाल्यांचा प्रश्न पटकन सुटतो. गुलमर्गला बर्फाचे बूट आणि कोट भाड्याने मिळतात. पाच दिवसांसाठी मेंढीचे बूट विकत घेऊ नका.

बाकीच्यांनी आधी हातातली वस्तू ओळखावी. अस्सल बुटात बाहेरचं मऊ सुएड (घासून मखमली केलेलं कातडं) आणि आतली लोकर हा एकाच कातड्याचा तुकडा असतो. लोकरीची बाजू आत, मांसाकडची बाजू घासून बाहेर. धंद्यात याला ट्विन-फेस म्हणतात. लोकर साधारण दीड सेंटिमीटरवर एकसारखी कातरलेली असते. दुसऱ्या प्रकारात बाहेर गाईच्या कातड्याचं सुएड आणि आत पॉलिएस्टरची फर असते. तिसऱ्यात आतली लोकर खरी असते, पण ती कापडावर बसवलेली असते आणि बाहेरचं कातडं वेगळं असतं. तिसरा प्रकार म्हणजे फसवणूक नव्हे, फक्त तो ‘मेंढीचं कातडं’ म्हणून विकला जाऊ नये.

परदेशातल्या लिखाणात सहसा न येणारी एक गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची ठरते. गाईचं कातडं नको म्हणून मुद्दाम मेंढीचे बूट घेणारी घरं आहेत. त्यांना माहीत नसतं की अस्सल ट्विन-फेस बुटालाही टाचेमागचा टेकू आणि कडेची पट्टी बऱ्याचदा गाईच्या सुएडची असते. स्वस्त पादत्राणांत अस्तराला डुकराचं सुएडही वापरतात. रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान घरांसाठी तो प्रश्न याहून मोठा. म्हणून ‘कातडं खरं आहे का?’ एवढ्यावर थांबू नका, ‘कुठल्या भागाला कुठल्या जनावराचं?’ असं विचारा.

ओळखायचं कसं? बुटाच्या तोंडाशी लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवून मुळाशी बघा. मुळाशी कातडी दिसली आणि केस तिच्यातून उगवलेले दिसले तर ते ट्विन-फेस. विणीची जाळी दिसली तर ते कापड. आता आतून चारदोन तंतू उपटा आणि घरी चिमट्यात धरून जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटाने चुरडता येते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. तिसरी खूण कापलेल्या कडेची. तिथे सुएड आणि लोकर यांच्यामध्ये गोंदाची रेघ दिसता कामा नये.

युरोपातून आलेल्या बुटाला छोटं चित्रांचं लेबल असतं, ते कापून टाकू नका. वरचा भाग, अस्तर आणि तळ अशा तीन भागांसमोर खुणा असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, त्याच आकाराच्या आत पत्त्यातल्यासारखी चौकट असेल तर वर लेप दिलेलं चामडं, जाळी म्हणजे कापड, नुसती चौकट म्हणजे इतर काहीही. मात्र चित्रातलं कातडं कुठल्या जनावराचं ते हे लेबल सांगत नाही.

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर 2011 च्या वेष्टन नियमांनुसार उत्पादनाचा देश, आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किंमत असायलाच हवी. ऑनलाइन विक्रीतही मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. नसेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण हा ‘मूळ देश’ पुन्हा शिलाईचाच, हे विसरू नका.

नावावरून तर काहीच ठरत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ‘अग’ हा या प्रकारच्या बुटासाठीचा सर्वसाधारण शब्द आहे, आपल्याकडे ‘कोल्हापुरी’ म्हणतात तसा. ब्रायन स्मिथ नावाच्या ऑस्ट्रेलियन सर्फरने 1978 मध्ये ते बूट कॅलिफोर्नियात विकायला सुरुवात केली. 1995 मध्ये ती कंपनी डेकर्स या अमेरिकी कंपनीने घेतली आणि बहुतेक जगात ‘अग’ हा तिचा ट्रेडमार्क झाला. तिचे बूट मुख्यतः आशियात शिवले जातात. ऑस्ट्रेलियातच शिवलेला बूट हवा असेल तर हिरव्या त्रिकोणातला सोनेरी कांगारू हे चिन्ह शोधा. तोही मेंढीची हकीकत सांगत नाही, पण निदान ‘ऑस्ट्रेलिया’ या नुसत्या शब्दापेक्षा त्याला वजन आहे.

आता मेंढीकडे. विक्रेता हमखास सांगतो की कातडं हे मांसाच्या धंद्याचं उपउत्पादन आहे, बुटासाठी कुणी मेंढी मारत नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे. कोकराची किंमत मुख्यतः मांसावर ठरते आणि कातड्याला गिऱ्हाईक नसलं तर ते पुरलं जातं. फरसाठीच पाळल्या जाणाऱ्या मिंकबद्दल असं म्हणता येत नाही, मेंढीबद्दल येतं. पण या युक्तिवादाने फक्त ‘का मारली’ याचं उत्तर मिळतं. जिवंतपणी तिचं काय झालं आणि कातडं कमावताना नदीचं काय झालं, ते शिल्लकच राहतं.

जिवंतपणीचा मुख्य मुद्दा म्युल्सिंगचा. मरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीच्या शेपटीखाली सुरकुत्या असतात. तिथे लेंड्या-मूत अडकून ओल राहते आणि लुसिलिया क्युप्रिना ही हिरवी माशी अंडी घालते. अळ्या जिवंत मेंढीचं मांस खातात. गुराच्या जखमेत किडे पडलेले ज्याने पाहिलेत त्याला वेगळं सांगायला नको. यावर ऑस्ट्रेलियात सुमारे 1930 पासूनचा उपाय असा की कोकरू काही आठवड्यांचं असताना मागच्या भागाच्या कातडीच्या पट्ट्या कात्रीने कापून काढायच्या. जखम भरली की तिथे सुरकुती आणि लोकर राहत नाही. पूर्वी हे भूल किंवा वेदनाशामक न देताच होई. व्हिक्टोरिया राज्यात जुलै 2020 पासून वेदनाशामक सक्तीचं झालं. न्यूझीलंडने ऑक्टोबर 2018 पासून म्युल्सिंगच बंद केलं. ऑस्ट्रेलियात ते अजून कायदेशीर आहे. सुरकुत्या नसलेली जात पैदा करणं, मागची लोकर वेळेवर कातरणं आणि औषध मारणं हे पर्याय आहेत, फक्त त्यांना वेळ आणि मजूर जास्त लागतात.

बुटाचं कातडं बहुतेक मांसासाठी वाढवलेल्या कोकरांचं असतं, आणि मांसाच्या जातींची कातडी सपाट असल्याने त्यांचं म्युल्सिंग सहसा करत नाहीत. म्हणजे तुमच्या बुटाची मेंढी त्यातून सुटलेली असण्याची शक्यता बरी. सिद्ध मात्र करता येत नाही. कत्तलखान्यात कातडी मीठ लावून आकार आणि लोकरीच्या लांबीप्रमाणे रचली की कुठलं कातडं कुठल्या शेतातलं, हे तिथेच पुसलं जातं. म्हणून विक्रेत्याला विचारायचं ते शेताचं नाव नव्हे. ‘कातडं कुठल्या देशातलं?’ न्यूझीलंडचं असेल आणि ते लेखी मिळत असेल तर हा प्रश्न मिटला. ‘नैतिक पद्धतीने मिळवलेलं’ एवढंच उत्तर आलं तर काहीच मिळालं नाही असं समजा. जबाबदार लोकरीसाठीचं आरडब्ल्यूएस प्रमाणपत्र म्युल्सिंग चालवून घेत नाही, पण ते लोकरीच्या तंतूसाठी आहे. कापडावर बसवलेल्या अस्तराला ते लागू पडेल, बाहेरच्या कातड्याला नाही.

मग आपल्याच मेंढीचं का नाही? सुगी झाली की घाट उतरून धनगर येतात, भातखाचरात रात्रभर मेंढरं बसवतात आणि खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. पावसाआधी पुन्हा घाटावर. आपल्या पावसात मेंढीचे खूर सडतात. ही दख्खनी मेंढी. तिची लोकर राठ आणि आखूड, घोंगडीला उत्तम, पण पायाला टोचणारी. ट्विन-फेसला दाट, मऊ, एकसारखी लोकर लागते. भारतातल्या मेंढीचं कातडं बहुतेक लोकर काढूनच कमावलं जातं आणि त्याची जॅकेटं, हातमोजे होतात. उबदार वस्तू आणि माहितीतली मेंढी दोन्ही हवं असेल तर सणगराने विणलेल्या घोंगडीइतकी सरळ वाट दुसरी नाही. पायात घालता येत नाही, एवढंच.

कमावण्याबद्दल थोडक्यात. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि आपल्या सह्याद्रीतला हिरडा यांनी कमावतात. बुटाचं कातडं बहुधा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी. क्रोमियम-3 तसं निरुपद्रवी, पण काम ढिसाळ झालं किंवा चामडं फार तापलं तर त्याचं क्रोमियम-6 होऊ शकतं. त्याने त्वचेला ॲलर्जी येते. युरोपात मे 2015 पासून चामड्यात त्याची मर्यादा किलोला 3 मिलिग्रॅम आहे. हे बूट मोज्यांशिवाय घालतात, त्यामुळे क्रोमची ॲलर्जी असणाऱ्याने चाचणीचा कागद मागावाच. ‘क्रोम-फ्री’ म्हणजे बऱ्याचदा ग्लुटारल्डिहाइड हे दुसरं रसायन, रसायनमुक्त नव्हे. लेदर वर्किंग ग्रुप या चामडं-उद्योगातल्या संस्थेचं मानांकन टॅनरीचं, म्हणजे कातडं कमावण्याच्या कारखान्याचं, पाणी, वीज आणि सांडपाणी तपासतं. ते आहे का विचारा, पण त्यातून मेंढीचं काही कळत नाही.

‘मग सरळ कृत्रिम घ्यावेत’ हे उत्तर कोकणात फसतं. पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) लेप दिलेल्या पिशव्या आणि सोफ्यांचे पोपडे कसे सुटतात ते आपण घरोघर बघतो. हवेतल्या बाष्पाने पीयूची साखळीच तुटते. पीयूचा तळही तसाच, वापरला नाही तरी काही वर्षांत भुगा होतो. बूट कुठलेही घ्या, तळ ईव्हीए (फेसासारखं हलकं प्लास्टिक) किंवा रबराचा घ्या. फक्त ईव्हीए बर्फावर घसरतो, हे कॅनडाला जाणारीला सांगून ठेवा. आणि हेही, की मेंढीचा बूट कोरड्या थंडीचा आहे. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं बाष्प ओली न वाटता शोषते, पण वितळता बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ सुएडवर पांढरे नकाशे काढतात. तिने रोजचे बूट जलरोधक घ्यावेत, तेही तिथेच.

माप घेताना बूट मोज्यांशिवाय घाला. पाय घट्ट बसावा, बोटं मुडपू नयेत. लोकर काही आठवड्यांत दबते आणि बूट सुमारे अर्ध्या नंबराने सैल होतो. टाच मागून चिमटीत दाबा. सहज चपटी झाली तर आत टेकू नाही आणि महिन्याभरात बूट एका अंगाला कलंडेल.

आपल्याकडे खरी कसोटी जून ते सप्टेंबर. हवेतला दमटपणा 70 टक्क्यांवर गेला की चामड्यावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे तो चार महिने त्याच्या खाली येतच नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात बूट ब्रश करा, सावलीत दोन दिवस वारा द्या. ऊन नको, कातडं कडक होतं. आत साधा कागद कोंबा, वर्तमानपत्राची शाई लोकरीला लागते. मग घट्ट झाकणाच्या डब्यात जोडामागे निदान 200 ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालून ठेवा. नुसती प्लास्टिकची पिशवी बांधली तर आतली ओल आतच राहते आणि बुरशी दुप्पट. माळ्यावर नको, कौलांखाली दुपारी फार तापतं. गणपतीच्या आसपास डबा एकदा उघडा. जेलचा रंग बदलला असेल तर ते ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास तापवून, गार करून परत घाला.

कसरीसाठी वेखंडाच्या कांड्या कापडात बांधून ठेवा. त्याने कसर लांब राहते, आत असलेली मरत नाही. लोकरीत बारीक जाळी किंवा टक्कल दिसलं तर बूट पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. बूट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार कातड्यावर दव धरेल आणि कसर गेली तिथे बुरशी येईल.