विहिरीतली गोगलगाय आणि राजमहेंद्रीचा समुद्र

देगलूरच्या अलीकडे एका शिवारात विहीर खोदताना शंख निघाले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'इथे समुद्र होता' असं छापून आलं. सांगणारे आमच्याच विषयातले एक प्राध्यापक. दगड हातात न घेता फोनवरून निकाल द्यायचा त्यांना सरावच आहे.

मी भूशास्त्र शिकवतो, म्हणून विहीरमालक पिशवी घेऊन थेट विभागात आले. "समुद्र होता म्हनायलेत सर. मग पानी खारट लागंल का?" एवढाच प्रश्न, आणि तो रास्त होता.

पिशवीत क्रेनने उपसलेल्या ढिगाऱ्यातली पांढुरकी, चिवट ढेकळं. वर काळा पाषाण, खाली मांजऱ्या म्हणजे मऊसर दगड, मधे हा हातभर थर, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे लाव्हाचे दोन थर आणि त्यांच्या मधल्या काळात साचलेला गाळ. सुईने माती कोरत एक शंख मोकळा केला. नखाएवढा, पोटाशी फुगलेला. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं की बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे येतं, याचं डावीकडे. फायसा. दख्खनच्या असल्या थरांत नेहमी भेटणारी, गोड्या पाण्यातली गोगलगाय.

"समुद्र नाही, तळं होतं," म्हटल्यावर मालक खूश होऊन गेले. मी मात्र हिरमुसलो. मला समुद्रच हवा होता.

त्याला कारण राजमहेंद्री. ही आपलीच गोदावरी जिथे समुद्राजवळ पोचते, तिथल्या दगडखाणींत लाव्हाच्या दोन थरांमधे समुद्राचा गाळ अडकलेला आहे. लाव्हा सह्याद्रीकडून हजारेक किलोमीटर वाहत तिथवर गेला, असं रासायनिक तपासणी सांगते. त्या गाळात फोरामिनिफेरा आहेत, एकपेशीय जीवांची कवचं. यातले बरेच एक दशांश मिलिमीटरसुद्धा भरत नाहीत. गाळ भिजवायचा, बारीक चाळणीतून धुवायचा, वाळवायचा आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलायचा. मान मोडते. पण हे जीव उघड्या समुद्रात तरंगत जगभर पसरायचे आणि त्यांच्या जाती भराभर बदलायच्या. म्हणून राजमहेंद्रीचा थर थेट ट्युनिशियातल्या एल केफच्या थरांशी जुळवता येतो, जिथे डायनोसॉर संपले त्या सीमेचा जगन्मान्य नमुना आहे. २००८ साली भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी ते जुळवून दाखवलं: राजमहेंद्रीचा गाळ त्या संहारानंतर लगेचचा. म्हणजे खालचा लाव्हा त्या गाळाच्या आधीचा, वरचा नंतरचा. काळ्या पाषाणात स्वतःचं एकही जीवाश्म नाही. त्याचा काळ या चिमुकल्या कवचांनी बांधून दिला.

तळ्यातली गोगलगाय हे करू शकत नाही. तिचा संबंध तिच्या डबक्याशी. फायसावरून देगलूर आणि ट्युनिशिया जोडायला गेलो तर कुणीही हसेल.

तरी एक वाट होती. लाव्हा थिजताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची तेव्हाची दिशा त्यात गोठते, आणि ही दिशा अधूनमधून उलटत आली आहे. राजमहेंद्रीला खालच्या लाव्हातलं चुंबकत्व उलटं आहे, वरच्यातलं आजच्यासारखं सरळ. आमच्या विहिरीतल्या वरच्या पाषाणाची दिशा कळली असती, तर निदान तो दोन्हींपैकी कुणाशी मिळतो याचा अंदाज लागला असता. त्यासाठी दगड जागेवर असतानाच त्याच्यावर उत्तर दिशा आणि उतार कोरून मग तुकडा काढावा लागतो. ढिगाऱ्यातला दगड कितीही देखणा असला तरी या कामी निरुपयोगी, तो कसा उलथला हे कोण सांगणार?

गाडीचा अर्ज त्याच दिवशी टाकला. तो सह्या गोळा करत टेबलाटेबलांवरून फिरला. मंजुरी हातात आली तोवर विहिरीत वरपासून खालपर्यंत सिमेंटची कडी बसली होती. मालकांनी चहा पाजला, पाणीही दिलं. गोड आहे.

त्यांच्या चुलतभावाची विहीर पुढच्या उन्हाळ्यात, बांधापलीकडेच. सुरुंग लावायच्या आधी फोन करा म्हणून सांगून ठेवलंय. गाडीचा अर्ज या खेपेला देणार नाही, एसटीने जाईन.