न पिणारा जॉनी वॉकर

आज बसमध्ये एक काका झिंगून चढले. सुटे देताना तीनदा नाणी पाडली. मागून कुणीतरी ओरडलं, "आला जॉनी वॉकर!" मला हसूच फुटलं. अहो, जॉनी वॉकर तिकीट घेणारा नव्हे, देणारा! हिंदी सिनेमातला विनोदी नट, खरं नाव बद्रुद्दीन काझी, आधी मुंबईच्या बेस्ट बसचा कंडक्टर. प्रवाशांना नकला करून हसवायचा. दारुड्याची नक्कल बघूनच दिग्दर्शक गुरुदत्तने १९५१च्या 'बाझी' सिनेमात घेतलं आणि नाव ठेवलं थेट व्हिस्कीचं. पण गडी स्वतः थेंबाला शिवला नाही! जड जीभ, अर्धे मिटलेले डोळे, भलतीकडे पडणारं पाऊल... सगळी नजरेची कमाई. शूटिंग संपलं की बायको नूरजहाँ आणि मुलंबाळं, बस्स.

काकांचं एक नाणं माझ्या चपलेखाली होतं. उतरताना त्यांच्या खिशात टाकलं. "थँक्यू, कंडक्टर," म्हणाले.